जुने निष्ठावंत, नवा धनी

१७०७ च्या मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा येथील मोगली छावणीतून शाहूमहाराजांची सुटका झाली, तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते आणि त्यांपैकी साडेसतरा वर्षे कैदेत गेली होती. मातोश्री येसूबाई ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिल्या. पदरी फौज नव्हती, खजिना नव्हता, महाराष्ट्रातला एकही किल्ला हाती नव्हता. थोरल्या महाराजांचे नातू एवढेच काय ते भांडवल. खानदेशात पाऊल टाकल्यावर परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर अशी काही मंडळी येऊन मिळाली आणि थोडे बळ आले. परंतु राज्याचा डोलारा ज्या खांबांवर उभा होता ते खांब, म्हणजे सेनापती धनाजी जाधव, प्रतिनिधी परशुराम त्रिंबक, सचिव शंकराजी नारायण आणि अमात्य रामचंद्रपंत, महाराणी ताराबाईंच्या बाजूला होते. औरंगजेब त्याच वर्षाच्या प्रारंभी अहमदनगरला मरण पावला होता. नव्या राजापुढचा सर्वांत अवघड प्रश्न आता स्वकीयांचा होता.

हा प्रश्न जगातल्या प्रत्येक सत्तांतरात उद्भवतो. मागच्या धन्याची इमानाने चाकरी केलेल्या, कर्तबगार आणि म्हणूनच धोकादायक अशा माणसांचे नव्या धन्याने काय करावे? त्यांना काढून टाकावे, तर राज्य चालवणारे हात जातात. ठेवून घ्यावे, तर उशाशी साप बाळगल्याची भीती. या प्रश्नाला शाहूंनी दिलेले उत्तर पाठ्यपुस्तकांत ‘स्वभावाने दयाळू’ या दोन शब्दांत उरकले जाते. वस्तुतः ते उत्तर पुष्कळ गुंतागुंतीचे आहे, आणि त्याची किंमतही महाराष्ट्राला मोजावी लागली आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ताराबाईंचे हे पाठीराखे बंडखोर नव्हते. मार्च १७०० मध्ये राजाराममहाराज सिंहगडावर निवर्तले, त्यानंतर आपल्या अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून ताराबाईंनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. किल्ले गेले आणि परत घेतले गेले. मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या. हे ज्यांच्या बळावर घडले तेच हे सरदार आणि मुत्सद्दी. शाहू मोगलांच्या तंबूत वाढत असताना ही माणसे घोड्यावर होती. संभाजीमहाराजांच्या वेळी राज्य गेले, ते आपल्या पतीने आणि आपण नव्याने मिळवले, तेव्हा त्यावर शाहूंचा हक्क उरलेला नाही, असा ताराबाईंचा युक्तिवाद होता. तो कायद्याच्या कसोटीला कितपत उतरतो हे अलाहिदा; पण रणात रक्त सांडलेल्यांच्या मनाला तो पटण्याजोगा होता. उलट पक्षी, ज्येष्ठ शाखेचा वारस म्हणून शाहूंचा अधिकार सामान्य रयतेला उघड दिसत होता. दोन्ही बाजूंना काही सत्य होते, आणि म्हणूनच निष्ठेचा प्रश्न एवढा बिकट झाला.

दूधभाताची शपथ

ताराबाईंनी दोन उपाय योजले. आलेला माणूस शाहू नव्हे, तो तोतया आहे, असे जाहीर केले. आणि सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून एकनिष्ठेची शपथ घेतली. तोतयेपणाच्या आरोपाचे निरसन परसोजी भोसल्यांनी शाहूंच्या ताटात जेवून केले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. शपथेचे निरसन इतके सोपे नव्हते. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेड येथे, म्हणजे आजच्या राजगुरुनगरपाशी, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. आलेला पुरुष खरोखरच संभाजीमहाराजांचा पुत्र आहे अशी खात्री पटल्यावर सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले, आणि लढाईचा निकाल तिथेच लागला. परशुरामपंतांना साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली.

धनाजींच्या या निर्णयात धर्मबुद्धी होती, तसाच हिशेबही होता. शाहूंनी त्या दोहोंची वाटणी करत बसण्याचे टाळले. रणांगणावर शत्रूच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांनी सेनापतिपदी कायम केले. पदच्युत करून अपमान करावा आणि मग उपकार म्हणून काही द्यावे, ही राजेलोकांची नेहमीची रीत. शाहूंनी धनाजींना पद दिले, ते त्यांचेच होते म्हणून. या एका कृतीने महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुंपणावरच्या सरदाराला निरोप पोचला की, या दारातून आत येणाऱ्याची मान खाली घालवली जात नाही.

पण प्रत्येकाला ते दार ओलांडता आले नाही. शंकराजी नारायण हे राजाराममहाराज जिंजीला असताना रामचंद्रपंतांच्या जोडीने महाराष्ट्र सांभाळणारे पुरुष. रोहिड्याच्या मुलखावर त्यांचा अंमल. ताराबाईंशी घेतलेली शपथ मोडवेना आणि खऱ्या वारसाविरुद्ध शस्त्रही धरवेना, अशा कोंडीत त्यांनी आंबवडे येथे देह ठेवला. सत्तांतराच्या इतिहासात विजेते आणि पराजित यांचीच नावे येतात. दोन निष्ठांच्या मध्ये चिरडला गेलेला हा तिसरा वर्ग बहुधा विसरला जातो. शाहू त्याला विसरले नाहीत. सचिवांचे आत्मार्पण त्यांनी आपल्याविरुद्धचा निषेध मानले नाही. त्यांच्या लहानग्या मुलाला, नारो शंकर याला, सचिवपदाची वस्त्रे दिली. भोर संस्थानचे पंतसचिव घराणे ते हेच.

शाहू भोळे नव्हते

एवढ्यावरून शाहूंना केवळ क्षमामूर्ती समजणे चुकीचे ठरेल. सातारा वेढला गेला तेव्हा किल्ल्यात परशुरामपंत होते आणि किल्ल्याचा हवालदार शेख मिरा होता. बखरींतील हकिकतीप्रमाणे शाहूंनी वाईहून शेख मिराच्या बायकामुलांना पकडून आणवले आणि त्यांना तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली. शेख मिराने परशुरामपंतांना कैद करून किल्ला स्वाधीन केला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला, तेव्हा ताराबाईंचे प्रतिनिधी नव्या राजाच्या बंदिवासात होते. सत्ता हाती येईपर्यंत शाहूंनी साधनांचा विधिनिषेध फारसा पाळला नाही. त्यांचे वेगळेपण दिसते ते सत्ता हाती आल्यानंतर.

परशुरामपंतांचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. काही काळानंतर शाहूंनी त्यांची सुटका करून प्रतिनिधिपद परत दिले. परंतु १७११ च्या सुमारास त्यांचा मुलगा कृष्णाजी कोल्हापूरच्या पक्षाला मिळाला आणि तिकडचा प्रतिनिधी झाला. बापाच्या संमतीवाचून मुलगा जाईल कसा, हा संशय स्वाभाविक होता. परशुरामपंत पुन्हा कैद झाले. त्यांचे डोळे काढण्याची आज्ञा झाली, असे बखरी सांगतात. ती आज्ञा अमलात आली नाही, कारण खंडो बल्लाळ चिटणीस मध्ये पडले.

मध्यस्थी कोणाची हे महत्त्वाचे आहे. १६८० मध्ये शिवाजीमहाराजांच्या निधनानंतर अण्णाजी दत्तो प्रभृतींनी संभाजीमहाराजांना डावलून राजारामांना गादीवर बसवण्याचा घाट घातला होता. तो फसला. संभाजीमहाराजांनीही प्रथम क्षमाच केली. अण्णाजींना पुन्हा कारभारात घेतले. पण १६८१ मध्ये दुसरे कारस्थान उघडकीस आले आणि देहान्त शासने झाली. त्यांत थोरल्या महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हेही बळी पडले. खंडो बल्लाळ हे त्या बाळाजी आवजींचे पुत्र. एका रागाच्या आज्ञेत आपला बाप गमावलेला आणि तरीही त्याच घराण्याची चाकरी पुढे एकनिष्ठपणे केलेला हा माणूस शाहूंपुढे उभा राहून दुसऱ्या एका जुन्या सेवकासाठी रदबदली करत होता. फितुरीचा संशय आणि फितुरीचा पुरावा यांतले अंतर त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शाहूंनी आज्ञा मागे घेतली. पुढे १७१३ मध्ये परशुरामपंत पुन्हा प्रतिनिधी झाले आणि १७१८ मध्ये त्याच पदावर वारले. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र श्रीपतराव हे शाहूंचे अत्यंत विश्वासू सल्लागार ठरले. एकच घराणे, दोन भाऊ. एक साताऱ्याचा प्रतिनिधी, एक कोल्हापूरचा. औंध आणि विशाळगड ही दोन संस्थाने या दुभंगाची साक्ष देत पुढे दोन शतकांहून अधिक काळ नांदली.

जिथे उपाय चालला नाही

शाहूंची रीत प्रत्येक वेळी यशस्वी झाली असे नाही. १७०८ मध्ये धनाजी वारले आणि सेनापतिपद त्यांचे पुत्र चंद्रसेन यांना मिळाले. बापाचा निर्णय मुलाने मनापासून स्वीकारला नव्हता. त्याचा ओढा ताराबाईंकडेच राहिला. त्यातच एकेकाळी धनाजींच्या हाताखाली कारकुनी केलेल्या बाळाजी विश्वनाथांचे दरबारातले वाढते वजन त्याला सहन होईना. १७११ मध्ये शिकारीतल्या एका हरणाचे निमित्त होऊन तंटा पेटला. बाळाजी जीव वाचवून पळाले, शाहूंनी त्यांना आश्रय दिला, आणि राज्याचा सेनापती फौजेसह ताराबाईंना जाऊन मिळाला. तिथून तो पुढे निजामाकडे गेला. वारसाहक्काने पद मिळते, निष्ठा मिळत नाही, हा धडा शाहूंना इतक्या लवकर आणि इतक्या कडवटपणे शिकावा लागला.

दोन वर्षांनी त्याहून मोठे संकट आले. कोकणचा दर्यावर्दी कान्होजी आंग्रे हा ताराबाईंच्या पक्षाचा सर्वांत प्रबळ पुरुष. १७१३ मध्ये शाहूंनी त्याच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवले, तर कान्होजीने पेशव्यांनाच कैद करून लोहगड घेतला. तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे देऊन धाडले. बाळाजींनी लढाईऐवजी बोलणे केले. १७१४ च्या प्रारंभी तह झाला. कान्होजीने शाहूंना धनी मानले, बहिरोपंतांना सोडले. शाहूंनी त्याचे सरखेलपद आणि कोकणातले किल्ले मान्य केले.

इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. स्वतः बाळाजी विश्वनाथ हे जुन्या राजवटीतूनच आले होते. राजाराममहाराज आणि ताराबाई यांच्या काळात त्यांनी सरसुभेदारी केली होती. जुन्या निष्ठावंतांशी बोलायला शाहूंनी जुन्यांपैकीच एक माणूस निवडला. ज्याने स्वतः तो उंबरठा ओलांडला आहे, त्यालाच दुसऱ्याच्या मनातली अडचण कळते. नव्या राजाबरोबर मोगली छावणीतून आलेला कोणी कान्होजीशी बोलायला गेला असता, तर बहिरोपंतांप्रमाणे तोही अटकेत पडला असता.

समेटाची किंमत

या साऱ्या व्यवहारात एक सूत्र दिसते. मागच्या धन्याशी इमान राखले हा शाहूंनी अपराध मानला नाही. ज्याने ताराबाईंशी घेतलेली शपथ सहजासहजी मोडली नाही, तो उद्या आपल्याशी घेतलेली शपथही सहजासहजी मोडणार नाही, हा त्यामागचा विचार व्यवहारी होता. वारे फिरताच पाठ फिरवणारा माणूस नव्या धन्याला सोयीचा वाटतो, पण पुन्हा वारे फिरले की तो पुन्हा पाठ फिरवतो. शाहूंच्या चाळीस वर्षांहून अधिक काळच्या कारकिर्दीत मराठी सत्ता साताऱ्यापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत पसरली, ती या समेटाच्या पायावर.

परंतु समेट फुकट होत नाही. ज्यांना जिंकायचे त्यांना काही द्यावे लागते, आणि शाहूंपाशी देण्याजोगे होते ते राज्याचेच तुकडे. सचिवांच्या लहान मुलाला पद दिले, यात माणुसकी होती; पण त्याबरोबर पद हे घराण्याची मालमत्ता आहे हेही मान्य झाले. आंग्र्यांचे किल्ले आंग्र्यांकडे राहिले. सरदारांचे सरंजाम वंशपरंपरा चालू लागले. शिवाजीमहाराजांनी पदे बदलीची ठेवली होती आणि सेवेचा मोबदला शक्यतो रोख वेतनाने देण्याचा कटाक्ष ठेवला होता. ही शिस्त राजारामांच्या काळातल्या आणीबाणीत सैल झाली आणि शाहूंच्या काळात सुटली.

या धोक्याची जाणीव त्या काळी कोणाला नव्हती असे नाही. ताराबाईंच्या पक्षात राहिलेल्या, आणि पुढे कोल्हापूरच्या संभाजींची सेवा केलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. वतनदार हे लहानसे राजेच असतात, त्यांना वाढू देऊ नये, नवी वतने आणि इनामे देऊन राज्य रिते करू नये, असा त्यातला आग्रह आहे. साताऱ्यात जे घडत होते त्यावरचे हे सर्वांत मर्मग्राही भाष्य विरोधी पक्षाच्या मुत्सद्द्याने करावे, यात मोठा अर्थ आहे. शाहूंना जे चार खांब जिंकायचे होते त्यांपैकी हा शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि नेमकी त्याचीच दृष्टी त्यांना सर्वांत उपयोगी पडली असती.

ताराबाईंच्या बाबतीतही शाहूंची रीत तीच राहिली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट होऊन ताराबाई स्वकीयांच्याच कैदेत पडल्या. पुढे वारणेच्या मोहिमेत त्या शाहूंच्या हाती आल्या, तेव्हा त्यांनी साताऱ्यास राहणे पसंत केले आणि शाहूंनी चुलतीला मानाने ठेवून घेतले. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निपुत्रिक वारले. गादीवर बसवण्यासाठी ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजाला पुढे केले. आणि तो मुठीत राहत नाही असे दिसताच १७५० च्या नोव्हेंबरात त्याला किल्ल्यावर कैद करून तो तोतया असल्याचे सांगितले. १७०७ मध्ये शाहूंवर उगारलेले शस्त्र त्रेचाळीस वर्षांनी त्यांच्या वारसावर उगारले गेले. शाहूंनी दाखवलेल्या औदार्याचा भार असा पुढच्या पिढीवर पडला. तथापि म्हणून ते औदार्यच चुकले असे म्हणता येणार नाही. चुकले ते हे की, समेट टिकवणारी व्यवस्था शाहूंनी उभी केली नाही. तो त्यांच्या व्यक्तिगत वजनावर उभा होता, आणि ते वजन त्यांच्याबरोबरच गेले.

आजची दूधभाताची शपथ

राजेशाही गेली, पण हा प्रश्न गेला नाही. मंत्रिमंडळ बदलते, संस्थेचे संचालक मंडळ बदलते, शाळेचे अध्यक्ष बदलतात, आणि पहिल्या महिन्यातच ‘तो कोणाचा माणूस?’ ही विचारणा सुरू होते. मागच्या साहेबांचे विश्वासू म्हणून ओळखले जाणारे लेखनिक अडगळीच्या टेबलावर जातात, मुख्याध्यापकांना तालुक्याच्या टोकाला पाठवले जाते. ज्यांनी काल जुन्या साहेबांच्या सत्काराचा हार आणला तेच आज नव्यांसाठी हार घेऊन उभे असतात, आणि त्यांची भरभराट होते. असल्या कचेरीत कामाची माहिती असलेला माणूस तोंड मिटून बसतो, आणि तोंड उघडणाऱ्याला काम ठाऊक नसते. याचा फटका नव्या साहेबाला उशिरा बसतो, जनतेला मात्र लगेच.

शाहूंपाशी जे नव्हते ते आजच्या राज्यव्यवस्थेपाशी आहे. पद आणि व्यक्ती यांची फारकत हे लोकशाहीचे या प्रश्नावरचे उत्तर होय. सरकारी नोकराची निष्ठा मंत्र्याशी नसून कायद्याशी आणि राज्यघटनेशी असते, असे हे तत्त्व आहे. महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांचे विनियमन करणारा कायदा केला आणि एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सनदी अधिकाऱ्यांना निश्चित पदावधी असावा आणि तोंडी आदेशांवर त्यांनी काम करू नये, असे निर्देश दिले. तत्त्व कागदावर पक्के आहे. पण त्याच कायद्यात अपवादाला वाट आहे, आणि अपवादाची वाट हमरस्ता होण्यास वेळ लागत नाही, हा कोणत्याही कचेरीतला अनुभव आहे.

म्हणून शाहूंच्या कारकिर्दीतून घ्यायचा धडा दुहेरी आहे. मागच्या धन्याशी राखलेले इमान हा दोष समजणारा नवा धनी आपल्याभोवती केवळ तोंडपुज्यांची गर्दी जमवतो. शाहूंनी ते केले नाही आणि त्यांचे राज्य वाढले. उलट, जुन्यांना जिंकण्यासाठी पदेच त्यांच्या मालकीची करून टाकणारा धनी उद्याच्या धन्याचे हात बांधून ठेवतो; शाहूंनी ते केले आणि त्यांच्यामागे छत्रपतींची गादी नामधारी झाली. माणसाला सन्मानाने ठेवावे, पण पद राज्याचेच राहू द्यावे, ही मधली वाट अरुंद आहे. तिच्यावरून चालण्यासाठी धन्याच्या अंगी शाहूंचे मन हवे आणि हाताशी रामचंद्रपंतांची शिस्त हवी. १७०७ च्या महाराष्ट्रात या दोन गोष्टी भीमेच्या दोन काठांना राहिल्या. त्या एका ठिकाणी आणण्याचे काम अजून व्हायचे आहे.